जुन्यावर लिहायचं नाही

२०१९च्या मे महिन्यात एक गृहस्थ आमच्या स्टुडिओत आले. कोइमतूरला त्यांचा गलाईचा धंदा. आमच्या विट्याकडची, खानापूर-आटपाडीकडची कितीतरी घरं अशीच देशभर पसरली आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा व्यवसाय, वर्षभर परमुलखात, आणि मे महिन्यात लग्नांसाठी, जत्रेसाठी सगळे गावाकडे. त्यामुळे पप्पांच्या स्टुडिओचं वर्ष म्हणजे खरं तर एक महिना.

त्या गृहस्थांची आई नुकतीच गेली होती. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. २००८ साली त्यांच्या धाकट्या भावाच्या लग्नात पप्पांनी तिचा एक फोटो काढला होता, तो त्यांच्या लक्षात होता. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, आणि कुणीतरी काहीतरी बोलल्यामुळे तोंडावर आलेलं अर्धं हसू. "बाकी सगळ्या फोटोंत म्हातारी कॅमेऱ्याला भ्यालेलीच दिसती," ते म्हणाले.

पप्पांनी रजिस्टर काढलं, नंबर शोधला, हार्ड डिस्क जोडली. फोटो सापडला, उघडला. कपाळ दिसलं, पदराची किनार दिसली, डोळे दिसले. नाकाच्या खाली एक आडवी रेघ होती आणि रेघेखाली सगळं जांभळं-हिरवं, चौकोन चौकोन होऊन बाजूला सरकलेलं.

हसू रेघेखाली होतं.

"दुसरीकडं आहे," पप्पा म्हणाले आणि कपाटातून बॅकअपची डिस्क काढली. तिच्यातही तोच फोटो, तीच रेघ, तेच जांभळं-हिरवं. अल्बममधला छापील फोटो मागवावा म्हटलं, तर तो अल्बम भावाच्या घरात पावसाळ्यात भिजून पानाला पान चिकटलेला. शेवटी दुसऱ्या एका ग्रुप फोटोतून चेहरा कापून मोठा करून दिला. भ्यालेला. पप्पांनी पैसे घेतले नाहीत, आणि त्या गृहस्थांनी दोनदा पाकीट काढून दोनदा परत खिशात ठेवलं, हेही त्यांनी मला सांगितलं.

मी तेव्हा पुण्यात पहिल्या नोकरीत होते. काम सर्व्हर सांभाळायचं. रात्री पप्पांचा फोन आला. "तू कॉम्प्युटरमधली. एक सांग, फोटो कपाटात पडून पडून सडतो का?"

सडतो. हे मला माहीत होतं. जेपीजी फोटोत माहिती इतकी दाबून भरलेली असते, की पुढच्या प्रत्येक बिटचा अर्थ मागच्यांवर अवलंबून असतो. मध्येच एक बिट उलटला, शून्याचा एक झाला, की तिथून पुढचा हिशोब चुकतो. म्हणून वरचा भाग शाबूत आणि खालचा रंगपंचमी. बिट उलटायला कारण डिस्कचं म्हातारपण असेल, सैल केबल असेल, खराब रॅम असेल. पण खरी गोष्ट ती नाही. खरी गोष्ट ही, की कुणीच काही बोललं नाही. विंडोजची फाइल सिस्टिम, एनटीएफएस, फाइलचं नाव, जागा, आकार यांची चोख नोंद ठेवते. आतला मजकूर कालचाच आहे का, हे तपासायची तिची पद्धत नाही. डिस्क जे देईल ते खरं. तिने वाकडा फोटो दिला, कॉम्प्युटरने तो निमूट उघडला, निमूट कॉपी केला.

आणि कॉपी मी केला होता. हे त्या रात्री मी फोनवर बोलले नाही. २०१४ची दिवाळी, मी बारावीत. पप्पांनी सांगितलं होतं, सगळं एकदा बाहेरच्या डिस्कवर घे. त्या डिस्कवर आधीचा बॅकअप होता. स्क्रीनवर प्रश्न आला: या नावाच्या फाइली आधीच आहेत, बदलू का? मी 'सगळ्या बदल' वर टिचकी मारली आणि फराळाला गेले. बॅकअपमध्ये त्या आजींचा फोटो तोवर चांगला असणार. त्या चांगल्या फोटोवर मी सडका फोटो लिहिला.



पप्पांनी स्टुडिओ टाकला १९८८ साली. तेव्हाच्या निगेटिव्ह आजही माळ्यावर आहेत. बटर पेपरच्या पाकिटात, पाकिटावर नंबर, नंबर रजिस्टरमध्ये. निगेटिव्हवर कुणी काही लिहीत नाही, हा त्या धंद्याचा पहिला नियम. प्रिंट हव्या तेवढ्या काढा, गडद करा, कापा, रंगवा. प्रिंट बिघडली तर बिघडली, निगेटिव्ह जागच्या जागी. डिजिटल आलं आणि हा नियम आमच्या घरातून न कळत निघून गेला. फोटो एडिट केला की त्याच नावाने सेव्ह. कार्ड भरलं की रिकामं करून परत तेच. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ वरून परत ०००१ वर आला, की जुन्या लग्नातल्या नवरीच्या जागी नव्या लग्नातला आचारी.

२०२०च्या मार्चमध्ये मी घरी आले ती लॉकडाऊनमुळे अडकलेच. तो मे महिना आमच्या स्टुडिओच्या इतिहासातला एकमेव रिकामा मे. शटर बंद, पप्पा दिवसभर लेन्स पुसत बसायचे. मी स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर उघडला, काही महिन्यांनी दुकानं सुरू झाल्यावर दोन नव्या सारख्या डिस्क आणल्या, आणि त्यावर लिनक्स आणि झेडएफएस टाकलं.

झेडएफएस ही फाइल सिस्टिम सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत जन्मली. जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ साली काम सुरू केलं, २००५ मध्ये तिचा कोड खुला झाला. पुढे २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. गंमत म्हणजे त्याच ओरॅकलमध्ये असताना क्रिस मेसन या माणसाने २००७ मध्ये लिनक्ससाठी याच जातीची दुसरी फाइल सिस्टिम सुरू केली होती, बीटीआरएफएस. ज्या तत्त्वावर दोन्ही चालतात त्याला म्हणतात कॉपी-ऑन-राइट, लघुरूप काऊ. आणि बीटीआरएफएसचा उच्चार बरेच जण 'बटर एफएस' असा करतात. गाय आणि लोणी. मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग दुधाचं काय केलं?"

मी झेडएफएस घेतली, कारण ऑफिसात तिच्याशीच गाठ होती.

पप्पांना समजावणं मात्र सोपं गेलं नाही. कॉपी-ऑन-राइट म्हणजे फाइल बदलताना जुन्या जागेवर लिहायचंच नाही. नवा मजकूर डिस्कवर दुसरीकडे, मोकळ्या जागेत लिहायचा. मग ज्या अनुक्रमणिकेत 'हा मजकूर अमुक जागी आहे' असं लिहिलंय, ती बदलायला हवी. पण तीही जुन्यावर लिहायची नाही. अनुक्रमणिकेचं नवं पान. त्या पानाचा पत्ता वरच्या पानात असतो, म्हणून तेही नवं. असं चढत चढत अगदी वर एक शेवटचं पान येतं, झेडएफएसमध्ये त्याला उबरब्लॉक म्हणतात. दर काही सेकंदांनी नवा उबरब्लॉक लिहिला जातो, तोही आधीच्यावर नाही, ओळीने ठरलेल्या पुढच्या जागी. तो नीट लिहून झाला त्या क्षणी नवं सगळं खरं. तोवर जुनं सगळं खरं. मधली अवस्थाच नाही.

"म्हणजे सातबारा," पप्पा म्हणाले.

मी क्षणभर थांबले. हाताने लिहिलेला जुना सातबारा तुम्ही पाहिला असेल तर तुमच्याही लक्षात येईल. जमीन विकली गेली, वारस लागले, तर जुनं नाव तलाठी खरवडून काढत नाही. त्याला कंस करतो, नवं नाव लिहितो, शेजारी गोलात फेरफाराचा नंबर. आजोबांचं नाव कंसात का होईना, कागदावर असतं. उपमा तंतोतंत नाही, पण त्या दिवसापासून आमच्या घरात फाइल 'डिलीट' होत नाही, तिला 'कंस' होतो.

मधली अवस्था नसण्याची किंमत आमच्यासारख्या गावात जास्त कळते. माझं लहानपण भारनियमनात गेलं. अल्बमची फाइल सेव्ह होत असताना वीज जायची. परत आली की विंडोज निळ्या पडद्यावर डिस्क तपासत बसायची, आणि तपासून झाल्यावर 'फाउंड डॉट झीरो झीरो झीरो' नावाचा फोल्डर तयार व्हायचा. त्यात कुणाच्या तरी वरातीचे तुकडे, नाव नाही, गाव नाही. तो फोल्डर उघडताना पप्पांचा चेहरा पंचनाम्याला आल्यासारखा व्हायचा. झेडएफएसमध्ये वीज गेली तर शेवटच्या काही सेकंदांचं काम जातं. पण परत चालू केल्यावर ती शेवटचा धड उबरब्लॉक शोधते आणि तिथून उभी राहते. तुकडे गोळा करायचा प्रसंग येत नाही.

(हे सगळं सर्व्हरवाल्यांचं आहे असं समजू नका. तुमच्या फोनमधली मेमरी चिप मुळातच जुन्यावर लिहू शकत नाही. ती दुसऱ्या पानावर लिहिते आणि जुनी पानं नंतर गठ्ठ्याने पुसते. आयफोन असेल तर २०१७ मध्ये एका साध्या अपडेटमध्ये त्याची फाइल सिस्टिम बदलून एपीएफएस झाली, तीही याच घराण्यातली. एखादी मोठी व्हिडिओ फाइल तिथे डुप्लिकेट केली तर क्षणात होते आणि जागा जवळजवळ खात नाही, कारण खरी प्रत निघतच नाही. दोन नावं एकाच मजकुराकडे बोट दाखवतात, आणि एकात बदल केला तेवढाच भाग वेगळा लिहिला जातो. पण एपीएफएस स्वतःच्या नोंदींची पडताळणी करते, तुमच्या फोटोतल्या मजकुराची नाही. हे मला कळलं तेव्हा मी थोडी नाराज झाले होते.)

पडताळणी. मला झेडएफएस हवी होती ती यासाठी. ती प्रत्येक ब्लॉक लिहिताना त्याचा एक आकडा काढते, चेकसम, बोटाच्या ठशासारखा. आणि तो ठसा ब्लॉकशेजारी ठेवत नाही, वरच्या अनुक्रमणिकेच्या पानात ठेवते. त्या पानाचा ठसा त्याच्या वरच्या पानात. पाकिटावरचा नंबर पाकिटावरच असेल तर चुकीचं पाकीट हातात आलं तरी ते स्वतःपुरतं बरोबरच दिसतं. नंबर रजिस्टरमध्ये असेल तर चोरी पकडली जाते. वाचताना ठसा जुळला नाही, तर ती दुसऱ्या डिस्कवरची प्रत वाचते, ती जुळली तर ती देते आणि पहिली दुरुस्त करून टाकते. दोन्ही बिघडल्या असतील तर फाइल द्यायला सरळ नकार. मला तो नकार फार आवडतो. २०१४च्या दिवाळीत असा नकार मिळाला असता तर मी फराळ सोडून पप्पांना हाक मारली असती.

महिन्यातून एकदा ती डिस्कवरचा सगळा मजकूर वाचून ठसे जुळवते. याला स्क्रब म्हणतात. मी परत पुण्याला आले तरी स्क्रबचा निकाल माझ्या फोनवर येतो. पप्पांनाही त्याचा नाद लागला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन, "काय म्हणतोय डबा?" मी सांगायची, शून्य. एका महिन्यात शून्य नव्हतं. एकशे अठ्ठावीस केबी दुरुस्त, न सुटलेल्या चुका शून्य.

"कुणाचा फोटो होता?"

"ते सांगत नाही पप्पा. जो कायमचा गेला त्याचंच नाव यादीत येतं. बरा झाला त्याचं नाव घेत नाही."

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चांगली सवय आहे."

त्या आजींचा फोटोही डब्यात आहे. जसा होता तसा, अर्धा. डब्यात येतानाच तो बिघडलेला होता, त्यामुळे त्या बिघडलेल्या फोटोचाच ठसा काढला गेला, आणि दर महिन्याला तो ठसा जुळतो. डब्याच्या हिशोबाने तो फोटो अगदी निरोगी आहे.



आता स्नॅपशॉट. पुढची गोष्ट त्याचीच आहे.

जुन्यावर लिहायचंच नसेल, तर जुनं कुठे ना कुठे असतंच. साधारणपणे झेडएफएस ती जागा नंतर मोकळी धरून वापरते. पण तुम्ही 'या क्षणाचं सगळं धरून ठेव' म्हणालात, तर धरून ठेवते. हा स्नॅपशॉट. तो घ्यायला डोळ्याचं पातं लवण्याइतका वेळ लागतो आणि सुरुवातीला जागा जवळपास लागत नाही, कारण कॉपी काहीच होत नाही. फक्त त्या क्षणाचं वरचं पान टाकून द्यायचं नाही, इतकंच ठरतं. मी डब्याला शिकवलं होतं: रोज रात्री एक स्नॅपशॉट, असे तीस दिवसांचे; आणि महिन्याचा एक, असे दोन वर्षांचे. शिवाय रात्री फक्त बदललेला भाग पुण्याला माझ्या खोलीतल्या छोट्या मशीनवर. काय बदललं हे शोधायला तिला दोन्हीकडच्या फाइली ताडून बघाव्या लागत नाहीत. प्रत्येक ब्लॉकची जन्मवेळ नोंदलेली असते, मागच्या स्नॅपशॉटनंतर जन्मलेले तेवढे पाठवायचे.

याचा उपयोग झाला. स्टुडिओतल्या पोराने एकदा घाईत अख्ख्या बारशाचा फोल्डर उडवला; मी पुण्यात बसून दोन मिनिटांत परत आणला, आणि पोरगा पप्पांच्या शिव्यांतून वाचला. याचा घोटाळाही झाला. पप्पांनी एक दिवस जागा मोकळी करायला जुने व्हिडिओ काढून टाकले आणि डब्याची मोकळी जागा होती तेवढीच राहिली. "मी काढतोय आणि हा सोडत नाही!" बरोबर होतं त्यांचं. आपण फाइल काढली तरी कुठलाही एक स्नॅपशॉट तिला धरून असेल, तर ती डिस्कवरून हलत नाही. मी त्यांना हे समजावलं, ते हो म्हणाले, आणि आम्ही दोघंही विसरलो.

२०२३च्या पावसाळ्यात एक मुलगी स्कूटीवरून स्टुडिओत आली. तिच्याबद्दल मी एवढंच सांगणार आहे, की आदल्या वर्षी तिचा साखरपुडा पप्पांनी शूट केला होता आणि ते लग्न मोडलं होतं. ती एकटी आली होती. म्हणाली, "काका, आमचे फोटो तुमच्याकडं असतील ते काढून टाकाल का?"

पप्पांनी तिला खुर्ची दिली. तिच्यासमोर फोल्डर उघडला, चारशेच्या वर फोटो, आणि कायमचे डिलीट केले. तिने विचारलं, "बॅकअप?" आमच्या पिढीची मुलगी, विचारणारच. पप्पांनी बाहेरची डिस्क लावून तीही दाखवली, तिथलेही काढले. "त्यांच्याकडं आहेत ते आहेत काका," ती म्हणाली, "निदान इथं नकोत." पप्पा म्हणाले, "आता कुठंच नाहीत, पोरी. माझा शब्द."

रात्री त्यांचा फोन आला तेव्हा ते सहज बोलत होते. पाऊस, आईची गुडघेदुखी, मग ही गोष्ट. मी ऐकत होते आणि माझ्या पोटात गोळा आला.

"पप्पा, डब्यात आहेत."

"नाहीत. काढले मी. तिच्यासमोर."

"कंस झालाय फक्त. एकोणचाळीस स्नॅपशॉट आहेत, त्या सगळ्यांत आहेत. आणि इथं पुण्यातही."

फोनवर फक्त पावसाचा आवाज येत होता. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी घरात राहून मला कधी माहीत नव्हती. निगेटिव्हच्या काळात असे बाप यायचे. बहुतेक रात्री, शटर अर्धं ओढल्यावर. मुलीचं जमलेलं मोडलंय, किंवा दाखवायला काढलेला फोटो नको त्या घरात गेलाय. निगेटिव्ह द्या म्हणायचे. पप्पा काही विचारायचे नाहीत. पाकीट काढून हातात द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत, रजिस्टरमध्ये त्या नंबरापुढे तांबड्या शाईने लिहायचे: 'नि. परत'. "दिली म्हणजे दिली," ते म्हणाले. "माझ्याकडं मागं काही राहायचं नाही. तुझ्या डब्यात देता येत नाही का तसं?"

येत नाही. स्नॅपशॉट फक्त वाचता येतो. त्यात हात घालून एक फोटो काढता येत नाही. तोच तर त्याचा भरवसा. व्हायरस आला, कुणी मुद्दाम खोडसाळपणा केला, मी पुन्हा एकदा झोपेत 'सगळ्या बदल' दाबलं, तरी आतलं बदलणार नाही. एक फोटो घालवायचा, तर ज्या ज्या स्नॅपशॉटमध्ये तो आहे, तो प्रत्येक स्नॅपशॉट अख्खा मोडायचा. म्हणजे त्या मुलीचे चारशे फोटो घालवण्यासाठी सगळ्या गिऱ्हाइकांच्या सगळ्या फोटोंचा गेल्या वर्षभराचा मागचा रस्ता मोडायचा. आजचे फोटो राहतील. पण काल, गेल्या महिन्यात, दिवाळीत ते कसे होते, हे जाईल. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता, तेच.

मी दुसरे मार्ग सांगितले. दैनिक तीस महिनाभरात आपोआप जातील, मासिक दोन वर्षांत. वाट बघू; डब्यापर्यंत आपल्या दोघांशिवाय कोण पोचतंय?

"मी तिला दोन वर्षांनी असं म्हणालो नाही," पप्पा म्हणाले.



पुढच्या शनिवारी मी विट्याला गेले. हे काम फोनवरून करायचं नव्हतं.

मोडण्याआधी एक गोष्ट करायची होती. जुन्या स्नॅपशॉटमध्ये आहेत आणि आज नाहीत, अशा फाइलींची यादी काढायची. म्हणजे पोराच्या हातून गेलेलं, चुकून ओव्हरराइट झालेलं काही असेल तर आधी वाचवता येईल. दोन स्नॅपशॉटमधला फरक दाखवणारी आज्ञा आहे, ती चालवली. यादी लांबलचक आली. बरंचसं कचरा: थंबनेल, अर्धवट एक्स्पोर्ट, कुणाच्या तरी आधार कार्डाचे स्कॅन, तेही जायलाच हवे होते. एका लग्नाचे मूळ फोटो सापडले, ज्यांच्यावर एडिट केलेले सेव्ह झाले होते. ते बाजूला काढले.

आणि एक फोल्डर, नाव नसलेला, तारखेचाच. २०२२ची जानेवारी. त्यात सात फोटो.

पप्पांचे. स्टुडिओतलं तेच निळं पडद्याचं बॅकग्राउंड, तेच गोल स्टूल, टायमर लावून काढलेले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. पहिल्यात डोळे मिटलेले. दुसऱ्यात मान जरा वाकडी. चौथ्यात त्यांनी हसायचा प्रयत्न केलाय. सातव्यात ते कॅमेऱ्याला भ्यालेले दिसतात. पस्तीसेक वर्षं लोकांना 'हनुवटी जरा खाली, हां, आता बघा इकडं' सांगणारा माणूस. आमच्या घरात त्यांचा एकट्याचा असा एकही फोटो नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. असे फोटो माणूस कशासाठी काढून ठेवतो, हे फोटोग्राफरच्या मुलीला सांगावं लागत नाही. भिंतीवर लावायच्या फोटोसाठी शेवटच्या क्षणी किती धावपळ होते, हे त्यांनी जन्मभर पाहिलंय. काढले, पसंत पडले नाहीत, काढून टाकले. त्यांच्या हिशोबाने ते कुठंच नव्हते.

शेजारच्या खोलीत ते आईला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगत होते. माझं बोट कॉपीच्या बटणावर होतं. एकच ठेवावा, चौथा. कुणाला कळणार नव्हतं. पण मी त्या शनिवारी एवढा प्रवास करून आले होते तो एका मुलीने 'नकोत' म्हटलं म्हणून. पप्पांनीही नकोतच म्हटलं होतं, फक्त मोठ्याने नाही.

मी फोल्डर बंद केला.

मग क्रमाने सगळं. आधी आजचा नवा स्नॅपशॉट, ज्यात ते फोटो नाहीत. तो पुण्याला पाठवला, म्हणजे दोन्हीकडे नवी सुरुवात सारखी झाली. मग जुने मोडायला घेतले. इथे एक गोष्ट बघण्यासारखी असते. एकोणचाळीस स्नॅपशॉटमध्ये तो फोटो होता म्हणजे त्याच्या एकोणचाळीस प्रती नव्हत्या. मजकूर डिस्कवर एकाच जागी, धरणारे हात एकोणचाळीस. पहिला मोडला, जागा मोकळी झाली नाही. दहावा, विसावा, तिसावा मोडला तरी हातात फारसं काही येत नाही. शेवटचा हात सुटतो तेव्हा मोकळ्या जागेचा आकडा एकदम उडी मारतो. पप्पा मागे येऊन उभे होते. "गेले?"

"सुटले. अजून पुसले नाहीत." मोकळी म्हणून नोंद झालेल्या जागेवर जुने आकडे नवीन काही लिहिलं जाईपर्यंत पडून असतात. मोकळ्या जागेवर एकसारखे आकडे लिहून काढणारी एक आज्ञा आहे, ती दोन्हीकडे लावली आणि रात्रभर चालू दिली. जन्मात पहिल्यांदा डब्याला मी जुन्यावर लिहायला सांगत होते.

सकाळी पप्पांनी रजिस्टर काढलं. डिजिटल झाल्यापासून त्यात नुसते फोल्डरचे नंबर असतात. साखरपुड्याचा नंबर शोधून त्यांनी त्याच्यापुढे तांबड्या पेनने लिहिलं, 'नि. परत'. निगेटिव्ह कुठली होती, हे मी विचारलं नाही.

दुपारी पुण्याला निघण्याआधी मी त्यांना म्हणाले, "पप्पा, स्टुलावर बसा. नवीन लेन्सची टेस्ट घ्यायचीय."

"लेन्स जुनीच आहे."

"बसा हो."

ते बसले. शर्टाची कॉलर नीट केली. मी हनुवटी जरा खाली म्हणाले, तेव्हा आई दारातून काहीतरी बोलली, दुधाबद्दलच असावं, आणि मी बटण दाबलं.

तो फोटो डब्यात आहे. पप्पांना आवडला नाही. कान मोठे आलेत म्हणतात. रोज रात्री स्नॅपशॉट झाला, की मी फोनवरून तो फोल्डर उघडून बघते. अजून तरी त्यांनी तो काढून टाकलेला नाही.